पडद्याला न वाचता येणारी नावं

“डी ड्राइव्हमध्ये सगळा कचरा आहे काका. बिनधास्त उडवा,” महेश म्हणाला. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

पोलादपूरला स्टँडजवळ त्याच्या वहिनीचं, सुनंदाताईंचं, टायपिंगचं दुकान होतं. महेश मुंबईत लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचा, कोर्स करत होता. सुट्टीत सरावासाठी त्याला दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स हवं होतं. सुनंदाताईंना विंडोज ९८ सोडून चालणार नव्हतं, कारण त्यांचे मराठी फॉन्ट त्यावरच चालत. म्हणून एकाच हार्ड डिस्कवर दोन्ही बसवायला मला महाडहून बोलावलं होतं.

हार्ड डिस्क म्हणजे कपाट समजा. त्यात फळ्या टाकून कप्पे करतात. त्या कप्प्यांना पार्टिशन म्हणतात. डिस्क वीस जीबीची, पण विंडोज ती अठराहून थोडी जास्तच दाखवत होतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज एक हजार चोवीसच्या. सी नावाचा कप्पा दहाचा, उरलेला डी. डी मोडला की लिनक्सला जागा मिळणार होती. पण कप्पा मोडला की आतलंही जातं. म्हणून आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी मोडत नाही.

आत एकच फोल्डर, भरपूर फायलींचा. नावं इंग्रजी अक्षरांची, पण त्यात शब्द एकही नाही. मधेच अर्धविराम, मधेच कंस.

“व्हायरस. आमच्या सरांनी सांगितलंय, अशी नावं दिसली की समजायचं.”

“तुझ्या सरांनी हे दुकान बघितलंय का?”

मी एक फाइल वर्डमध्ये उघडली. पडद्यावर स्वच्छ मराठी आलं. कै. धोंडूबाबांना श्रद्धांजली. महेशने खुर्ची पुढे ओढली. धोंडूबाबा त्याचे चुलत आजोबा.

तेवढ्यात सुनंदाताई चहा घेऊन आल्या. “माझी स्मरणिका उघडलीत होय? आमच्या गावाच्या मुंबईकर मंडळाची. सोमवारी छापायला द्यायची हाय. लोकांचे कागद ज्याचे त्याला परत केले. आता जे काय हाय ते ह्यातच.”

“वहिनी, अगं फायलींना नावं असली देतात? मला तो कचराच वाटला.”

“मराठीतच दिलीत मी. पडद्याला वाचता येत नाय, त्याला मी काय करू?”

त्यांचं बरोबर होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये कळ दाबली की आत इंग्रजी अक्षरच जातं, फॉन्ट त्याला मराठी रूप देतो. फाइलच्या नावाला तो फॉन्ट मिळत नाही. ताई टाइपरायटरवर शिकलेल्या. लेख ज्या बोटांनी टाइप केले, त्याच बोटांनी नावंही टाइप केली होती.

“आणि तू हे उडवायला निघालेलास?” त्यांनी दिराला विचारलं.

“मी नाही, काका निघाले होते.”

मी चहा प्यायलो.

मग सगळ्या फायली सीमध्ये कॉपी केल्या, तिथून उघडून बघितल्या, आणि एक संच फ्लॉपींवर घेऊन ताईंच्या हातात दिला. त्यानंतर डी मोडून तिथे लिनक्स बसवलं. आता कॉम्प्युटर सुरू होताना कुठलं हवं ते विचारणार होता. कोणी काही दाबलं नाही, तर ठरलेलं एक आपोआप चालू होणार. महेशला तिथे लिनक्स हवं होतं.

“दुकान रोज कोण उघडतं?” मी विचारलं.

“वहिनी.”

“मग विंडोज.”

स्मरणिका वेळेवर छापून आली. तेव्हापासून कॉम्प्युटरमधलं काय काढायचं, ते मी मालकाला विचारतो. आणि मालक कोण, ते त्याच्याही आधी.