आमदार घरी पोचला का?

माझा आमदार दीडशे वर्षांपूर्वीचा. फ्रँकफर्टजवळच्या एका खेड्यात जोडे शिवणाऱ्याच्या घरी जन्मला, अमेरिकेला गेला आणि तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत दोनदा निवडून आला. त्याने मांडलेला एकही ठराव पास झाला नाही. गुलामांच्या बाजूने बोलायला उभा राहिला की सभागृह हसायचं. अशा माणसावर मी पीएच.डी. करतेय म्हटल्यावर पुण्याची मावशी फोनवर म्हणाली, "अगं, निदान जिंकलेला तरी शोधायचास."

म्हातारपणी तो घरी यायला निघाला आणि ब्रेमेनला बोटीतून उतरला, इथवरचे कागद मिळाले होते. पुढे काहीच नाही. गावच्या चर्चची दफ्तरं युद्धात जळलेली. माझे गाईड, इथल्या जर्मन भाषेत डॉक्टरफाटर, शांतपणे म्हणायचे, "पुढचं माहीत नाही, असं लिहा." त्यांचं काय जातंय? त्याचं आयुष्य फुकट गेलं हे मी मान्य केलं होतं. मरायला तरी त्याला घर मिळायला हवं होतं. त्या दिवसांत मला दुसरं काहीच हवंसं वाटत नव्हतं, जेवणसुद्धा.

मग गावच्या पाद्र्याने कळवलं की त्या घराण्याच्या कबरीच्या जागेत त्या नावाचा एक जुना दगड आहे आणि घराण्यातल्या शेवटच्या आजी त्याची निगा राखतात. युरो येऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एस-बान म्हणजे इथली लोकल, पुढे बस, आणि हातात फुलं घेऊन मी पोचले. आजींनी कुंपणापाशी नेऊन जागा दाखवली. तिथे नुसतं गवत होतं.

"वसंतातच सोडली जागा," त्या म्हणाल्या. "कबरीच्या भाड्याची मुदत संपली होती. वाढवून मिळते, पण माझे गुडघे गेले. तण माजलं की गाव नावं ठेवतं."

"आणि दगड?"

"दगडवाल्याने नेला. भुगा करून रस्त्यात घालतात."

दगडावर मृत्यूचं साल काय होतं, मी विचारलं.

"आल्झो... म्हणजे, असेल काहीतरी. त्यावर वेल होता. मी वेल कापायचे, दगड कधी वाचला नाही. आणि त्या नावाचे दोघे होते आमच्यात, काका आणि पुतण्या. त्यातला कोण होता, देव जाणे."

त्यांचा राग तरी कसा करायचा? चारचौघांत शोभा नको म्हणून आपणही काय काय फेकून देतो. घरी नेऊन त्यांनी मला प्लमचा केक वाढला. आमच्यात काय करतात, असं विचारलं. जाळतो, राख नदीत सोडतो, मी सांगितलं.

"बरं करता. मागे कोणाला त्रास नाही." स्वतःसाठीही त्यांनी हिरवळीखालची बिननावाची जागा ठरवून ठेवली होती. हे त्यांनी केकचा दुसरा तुकडा कापता कापता सांगितलं. माझी फुलं त्यांनी सिंकमधल्या भांड्यात ठेवली होती.

"शिक्षण झालं की तुम्ही परत जाणार ना?"

"हो," मी लगेच म्हणाले.

विधानसभेचा निरोप घेताना माझ्या आमदारानेही हेच सांगितलं होतं, घरी परत जाणार म्हणून. तेवढ्या एका वेळी कोणी हसल्याची नोंद नाही.