खुनशी म्हणजे माझा नवरा

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोरच्या आमच्या बेटावर रागीट माणसं पोत्यानं आहेत. रागीट माणूस बोंबलतो, चार शिव्या हासडतो आणि जेवायला बसतो. त्याला कुणी खुनशी म्हणत नाही. खुनशी म्हणजे ज्याचा राग निवतच नाही तो. माफी मागा, वर्षं जाऊ द्या, तो तसाच. हा शब्द इथे मागंपुढं बघून वापरतात. माझ्या नवऱ्याला मात्र सगळे बिनदिक्कत म्हणायचे.

अल्टन तसा वाईट नव्हता हो. शेवंडं धरायचे पिंजरे समुद्रातून एकटा ओढायचा, म्हाताऱ्या शेजारणीची लाकडं फोडून द्यायचा. एकदा धुक्यात माझ्या धाकट्या भावाच्या, मर्लच्या बोटीच्या पंख्यात अल्टनच्या पिंजऱ्यांची दोरी अडकली. मर्लनं ती कापली, पिंजरे गेले तळाला. चुकून कापली तर त्याच संध्याकाळी दारात जाऊन सांगायचं, ही आमची रीत. मेला लाजला, आलाच नाही. तिसऱ्या दिवशी अल्टनला बाहेरून कळलं. संपलं! मर्लनं नंतर हात जोडले, नवे पिंजरे आणून दिले. अल्टननं ते धक्क्यावर कुजू दिले. अकरा वर्षं!

मग एका फेब्रुवारीत, वादळाच्या तोंडावर, मर्लचं इंजिन समुद्रात बंद पडलं. रेडिओवर त्याचा आवाज आला आणि मी काही म्हणायच्या आत अल्टन बूट चढवून निघाला. दुपारी बोट ओढून आणली. मर्ल चिंब, ओठ निळे, पायांत जीव नाही. मी त्याला आमच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलं. मला वाटलं, निवला एकदाचा.

अल्टन दारापर्यंत आला, मर्लला पाहिलं आणि ओल्या कपड्यांनिशी समोरच्या शेडमध्ये जाऊन बसला. तिथं साधी शेगडी नाही.

मी धावले. "अरे, मरशील थंडीनं! आत चल."

"तो गेला की येतो."

"त्याला उभं राहवत नाहीये! पोटच्या पोरासारखा वाढवलाय रे मी त्याला."

"मग ठेव की. मी कुठं नको म्हणतोय? मी इथं बरा आहे."

"मुडद्या, मग आणलंस कशाला त्याला?"

"समुद्रात होता म्हणून."

मी रडले, शिव्या दिल्या. अंगावर घोंगडी टाकली, ती त्यानं झटकली. दात वाजत होते, पण हलेना. परत आले तर मर्ल भिंत धरून बूट घालत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"ताई, माझ्यापायी विधवा नको होऊस," म्हणाला.

मी दारात आडवी झाले नाही. खरं सांगते, त्या घडीला मला नवरा हवा होता. मर्लला घरी पोचवायलाही गेले नाही. अल्टनला आत आणायला पळाले.

सकाळी मर्ल चर्चच्या वळणावर बर्फात सापडला.

चार वर्षं झाली. अल्टन पार बदललाय. मर्लच्या थडग्यावर जातो, रोज माझ्यासाठी कॉफी करतो. परवा तर गुडघे टेकून रडला. "व्हेस्टा, एक शब्द बोल गं. शिवी दे, पण बोल."

मी त्याच्यापुढं माशाच्या रश्श्याचा वाडगा ठेवला आणि भांडी घासायला गेले.