दादाच्या नावाची जाहिरात

आमच्या ऑफिसात तिला टोचणी म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, पण ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. अंगाने काटकुळी, आणि नवीन गिऱ्हाईक समोर बसलं की एकेक प्रश्न असा टोचत जाते की समोरचा खुर्चीत चुळबुळ करायला लागतो. वस्तू कोण घेतं, का घेतं, घेऊन परत का पाठवतं. गिऱ्हाईक गेलं की साहेब तिला समजावतात, जरा गोड बोलत जा. ती म्हणते, गोड बोलणाऱ्याला खरं कोण सांगतं?

तिचं काम इंटरनेटवर दुकान चालवणाऱ्यांच्या जाहिराती सांभाळण्याचं. आपण काही शोधायला टाइप करतो तेव्हा उत्तरांच्या डोक्यावर ज्या दोन-तीन ओळी पैसे भरून बसलेल्या असतात, त्या. कुठल्या शब्दांवर कुणाची जाहिरात दिसावी आणि कुठल्या शब्दांवर अजिबात दिसू नये, हे ती ठरवते. गाद्या विकणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या जाहिरातीवर लोक धडाधड बोट ठेवत होते, पण गादी एक खपत नव्हती. टोचणीने खोदून पाहिलं. लोक 'गादीचा खरा वारस कोण' असं शोधत होते आणि त्यांच्यापुढे फोमच्या गाद्या येत होत्या. तिने 'वारस' बंद केला, 'राजघराणं' बंद केलं, आणि मग कुठे झोपायची गादी हवी असलेली माणसं यायला लागली.

दुसरं काम परीक्षेचं. एकाच मालाच्या दोन जाहिराती लिहायच्या, अर्ध्या लोकांना ही दाखवायची, अर्ध्यांना ती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही. आपल्याला कुठली आवडली याला तिथे काडीची किंमत नसते. मी तिच्या शेजारी बसून चित्रं करतो. माझी कितीतरी देखणी चित्रं तिने अशा परीक्षेत नापास झालेली मला शांतपणे दाखवली आहेत.

घरचं ती फारसं बोलत नसे. डबा खाताना तुकड्यातुकड्यांनी जे कळलं ते एवढंच. वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यांच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्याच गाडीवर स्टिअरिंग धरायला शिकली. मोठा भाऊही. एकदा भाऊ आईला घेऊन निघाला होता, चौकात एक ट्रक सिग्नल तोडून आला. भावाला खरचटलं, आई गेली. आईला निरोप देऊन सगळे घरी आले तेव्हा वडील चारचौघांत त्याला म्हणाले, "तुला गाडी मीच शिकवली. तिथेच चुकलो." त्या आठवड्यात भाऊ निघून गेला. नोकरी सोडली, नंबर बदलला, पत्ता कुणालाच दिला नाही. वडिलांनी स्कूल बंद केलं, गाडी विकली. घरात भावाचं नाव निघेनासं झालं. टोचणी आणि तिचे बाबा एकाच छपराखाली राहत होते, एका टेबलावर जेवत होते, आणि बोलणं काय, तर दूध संपलंय, नळ गळतोय.

मग आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरात हवी होती. केली. नाव रोज भरपूर शोधलं जाई, पण पेशंट काही येईना. शेवटी उलगडा झाला की शोधणारे डॉक्टर स्वतःच होते. पेशंट गेला की पुढचा येईपर्यंत स्वतःचं नाव टाइप करून बघत बसायचे. अख्खं ऑफिस हसून लोळलं. टोचणी हसली नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माणूस स्वतःचं नाव शोधतोच, नाही का?"

त्याच दिवशी तिने स्वतःच्या कार्डावर एक जाहिरात टाकली. शोधाचे शब्द म्हणून दादाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. जाहिरातीत लिहिलं, 'हे नाव तुमचं आहे का? घरी तुमची वाट बघतात.' खाली फोन नंबर. हा जाहिरातीपुरताच नंबर, त्यावर आलेला फोन तिच्या मोबाईलवर वळायचा. स्वतःचं नाव तिने घातलं नाही. कुणी पाहून बाबांच्या कानावर घातलं तर घरात काय होईल, याची तिला धास्ती होती.

जाहिरात दिसलीच नाही. जो शब्द कुणी शोधत नाही, त्याची जाहिरात ती यंत्रणा झोपवून ठेवते. दादाच्या नावापुढे करडी खूण आली, 'शोध अत्यल्प'. कित्येक महिने ती तशीच राहिली. टोचणी सकाळी कामाला बसली की गाद्या, चष्मे, कुत्र्यांचं खाणं बघायच्या आधी ती खूण बघायची आणि पान बंद करायची.

एके सकाळी करड्याच्या जागी हिरवं होतं. मी तिच्या बाजूलाच बसलो होतो. तिने माउसवरचा हात उचलला आणि मांडीत घेतला, चटका बसल्यासारखा. मी विचारलं काय झालं. तिने पडद्याकडे बोट केलं. जाहिरात जागी झाली होती. म्हणजे कुणीतरी ते नाव शोधत होतं, आणि एकदाच नाही, वरचेवर.

त्या दिवशी तिने काहीही काम केलं नाही. दादा जिवंत आहे, हे वाक्य तिने मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा असं, जणू मीच तिला ते सांगितलं होतं.

फोन त्यानंतर काही दिवसांनी आला, जेवणाच्या सुट्टीत. पडद्यावर जाहिरातीचा नंबर उमटला. ती पाण्याच्या मशीनपाशी उभी होती, मी बाटली भरत होतो. तिने फोन कानाला लावला, आणि तिचा चेहरा इतका पांढरा पडला की मी बाटली तशीच सोडून तिच्याखाली स्टूल सरकवलं.

पलीकडून एक म्हातारा आवाज अदबीने बोलत होता. "नमस्कार. तुम्ही ती जाहिरात दिली आहे ना, त्यासाठी फोन केला."

ते बाबा होते. आयुष्यात कुणाशी इतकं मऊ बोलताना तिने त्यांना ऐकलं नव्हतं. शिकाऊ पोरं त्यांच्या एका खाकरण्याने ब्रेक दाबायची.

"मी त्या मुलाचा बाप. हल्लीच मोबाईलवर शोधायला शिकलो, रोज नाव टाकून बघतो, काहीच येत नाही. आज तुमची ओळ दिसली. तुम्हाला तो माहीत आहे का हो? कुठे आहे ते नका सांगू, त्याला नको असेल तर. नुसतं, आहे, एवढं सांगितलंत तरी पुरे."

ती स्टुलावर टेकली आणि म्हणाली, "बाबा, मी आहे."

बाबा ओशाळून म्हणाले, कुणी चोरी पकडावी तसे, "तू? तू तिथे काय करतेस?"

ती तशीच घरी गेली. बाबा स्वयंपाकघरात बसले होते, मोबाईल टेबलावर पालथा. पुढचं तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना तिला वाक्यांचा क्रमही लागत नव्हता. तिने बाबांना विचारलं की एवढं शोधत होतात तर मला का बोलला नाहीत. ते म्हणाले, "तूच तर सांगितलं होतंस, या घरात त्याचं नाव काढायचं नाही."

ती म्हणाली, मी नाही, तुम्ही. बाबांनी नकारार्थी मान हलवली. दादा गेला त्या दिवशी तीच दारात उभी राहून तसं बोलली होती. भिंतीवरचा फोटोही तिनेच उतरवून कपाटात टाकला होता. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. मुलगा गेला, आता मुलगीही जायला नको, म्हणून तोंडाला कुलूप लावलं, आणि हल्ली ती ऑफिसला गेली की मोबाईल घेऊन बसायचे.

"मला यातलं काही आठवत नाही," ती मला म्हणाली. "फोटो बाबांनी काढला, हे मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं आठवतंय. त्यांना खोटं ठरवायला कपाट उघडलं. फोटो माझ्या ओढणीत गुंडाळलेला होता."

दिवसभर लोक खरंच काय शोधतात ते खणून काढणारी ही बाई, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत रोज तेच नाव टाइप होत होतं.

बाबा मात्र एकदम कामाला लागले. त्यांना जाहिरात स्वतः लिहायची होती. टोचणीने नेहमीसारखी परीक्षा लावली. एक तिची, जुनी. दुसरीत बदल फक्त एका ओळीचा, बाबांची ओळ, 'बाबांना बोलायचं आहे, रागावणार नाहीत.' बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, माझी पुढे आहे का तुझी. ती सांगायची, इतक्या थोड्या शोधांत काही ठरत नाही. ते म्हणायचे, मग तुझं हे शास्त्र काय कामाचं.

फोन आला तेव्हा दोघं घरीच होते. पलीकडे एक बाई होती, तरुण, सावध. तिने आधी विचारलं, ही जाहिरात खोटी तर नाही ना. मग एकामागून एक प्रश्न: तुम्ही त्यांच्या कोण, त्यांच्या कपाळावर कुठल्या बाजूला व्रण आहे, आईचं नाव काय. पहिल्यांदाच टोचणीला कुणी टोचत होतं. सगळी उत्तरं बरोबर आली तशी ती बाई गोंधळली. मग म्हणाली, "आमचं लग्न ठरलंय. मैत्रीण म्हणाली, एकदा नाव शोधून बघ, म्हणून बघितलं. पण त्यांनी मला सांगितलंय की त्यांचं कुणीच उरलं नाही. अपघातात सगळे गेले."

फोन स्पीकरवर होता. बाबा भिंतीला टेकले. त्यांनी मनातल्या मनात मुलाला हजारदा मेलेला पाहिलं होतं. मुलाने आपल्याला मारून टाकलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. टोचणीच्या हातून फोन निसटला तो त्यांनीच उचलला.

"नाही बाई," ते म्हणाले. "आम्ही आहोत. दोघं आहोत."

त्या मुलीने कबूल केलं की त्याला सांगीन, पुढचं त्याच्यावर. आणि मग काहीच नाही. टोचणी ऑफिसात येऊन मोबाईल उताणा ठेवून बसायची. वाजला की दचकायची, गाद्यावाला निघायचा.

शेवटी दादाने जाहिरातीवर फोन केलाच नाही. टोचणी एकदा घरी परतली तर बाबा जिन्यात बसलेले, मोबाईल कानाला, बोलत काहीच नव्हते. तिला वाटलं त्यांना काही झालं. त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. पलीकडेही कुणी बोलत नव्हतं, नुसता श्वास ऐकू येत होता. किती वेळ दोघं तसेच होते कोण जाणे.

ती म्हणाली, "दादा?"

"बाबांनी नंबर तोच ठेवलाय," पलीकडून आवाज आला. "मला पाठ होता."

पुढे तो येऊन गेला, त्या मुलीला घेऊन. एका औषधांच्या गोदामात दोघं काम करतात. त्याचे केस पिकलेत, आणि आजही तो कुठल्याच गाडीत पुढच्या सीटवर बसत नाही. जेवणं झाल्यावर बाबांनी स्वतःच विषय काढला. मी त्या दिवशी जे बोललो ते बोलायला नको होतं, असं ते म्हणाले, शब्द जुळवत, वर न बघता. दादाने त्यांना थांबवलं.

"तुम्ही काय बोललात ते मला आठवतही नाही, बाबा. त्या दिवशी सगळेच काही ना काही बोलत होते. मी गेलो तो हिच्यामुळे. मी हिच्या खोलीत गेलो, हाक मारली, आणि हिने तोंड भिंतीकडे केलं."

टोचणीला तेही आठवत नव्हतं. तिने खूप ताण देऊन पाहिला. भिंत आठवली, तिचा रंगही आठवला, हाक आठवली नाही. इतकी वर्षं तिला पक्कं ठाऊक होतं की दादाला बाबांनी घालवलं. तो राग तिने जिवापाड सांभाळला होता, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नव्हती.

सोमवारी ती कामावर आली आणि ती जाहिरात बंद केली. बंद करताना यंत्रणा कारण विचारते. खर्च परवडत नाही, विक्री होत नाही, धंदा बंद झाला, असे पर्याय असतात. मी बघत होतो. तिने बराच वेळ ते वाचले, मग काहीच न निवडता पुढे गेली.

आता दादा बाबांना आठवड्याला फोन करतो, आणि बाबा त्याच्याशी तासन्‌तास रस्ते, पूल, ट्रॅफिक असलं काहीबाही बोलतात. लग्नाला टोचणी आणि बाबा जाऊन आले. तिच्याशीही तो बोलतो, नीट बोलतो, पण पाहुण्याशी बोलावं तसा. एकदा तिने धीर करून विचारलं की माझ्यावर राग आहे का. तो म्हणाला, "अजून नको विचारूस."

तिने पुन्हा विचारलेलं नाही. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात प्रश्नाळू बाईला हे किती जड जात असेल, ते मी शेजारी बसून बघतो. जोडून सुट्टी आली की ती दादाच्या घरी जाते, वहिनीला भाजी चिरून देते, दादा कामावरून येईपर्यंत थांबते, आणि त्याने काही विचारलं तर तेवढंच सांगते.