फाटक्या कानाचा बैल

नातू मातीचा बैल करायला बसला की ओल्या मातीच्या वासाने मला इंग्रजांच्या काळातला, सालेकशाजवळच्या आमच्या गावचा पोळा आठवतो. कधी खेळण्याला हात न लावणारे बाबा त्या वर्षी माझ्याजवळ चिखलात बसले. आमच्या ढवळ्याचा फाटका कान, कपाळावरचा काळा ठिपका, सगळं त्यांनी हुबेहूब केलं. मी हरखून गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मी तो बैल मिरवायला निघाले, तर गोठ्यात ढवळ्या नव्हता. सौदा आधीच झाला होता.

“रडून काऊन राहिली वो?” बाबा म्हणाले. “तुया बैल हाय ना तुयापाशी.”

आज कळतं, त्या मातीत ते ढवळ्याचा निरोप घेत होते. मला वाटलं होतं, ते माझ्याशी खेळताहेत.