पाम तेलाच्या कारखान्यात बसाची सोय

थंडीत पाम तेल टँकरच्या बुडाशी लोण्यासारखं जमून बसते. वरून वाकून पाहा, टँकर रिकामा झाला असंच वाटते. मंग खालून स्टीम सोडली की अजून निघते, अजून निघते. आमच्या कारखान्यातले किस्से तसेच आहेत. रिटायर झालो, वाटलं झालं सारं खाली. पण कोणी चहाचा कप हातात देला की सुरू! बायको म्हणते, "तोच किस्सा किती वेळा सांगता?" मी म्हणतो, तो नाही, हा त्याच्या खालचा आहे!

मी बावणे. शिक्षण चौथी. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, बाप रेल्वेच्या नोकरीत रायपूरले आला अन् इथलाच झाला. मी बॉयलरवर होतो. बंदरावरून कच्चं पाम तेल टँकरनं यायचं, आम्ही ते साफ करायचो, अन् पॅकिंगमधी बायका त्याच्या पिशव्या खोक्यात भरायच्या. एवढाच कारखाना. मंग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, रस्ते रुंद झाले, अन् एक मोठी बिस्किटवाली कंपनी आमचं तेल घ्याले तयार झाली. पण तिची अट होती. कागद पाहिजे! तेलासाठी कुठं जंगल तोडलं नाही अन् कामगारांले नीट ठेवलं आहे, असा कागद. तो द्याले दरवर्षी ऑडिटर यायचा. कागद गेला की कंपनी गेली, अन् कंपनी गेली की पॅकिंगच्या साऱ्या बायका घरी.

ह्या बायकांचं मागणं एकच. दिवसभर उभं राहून काम होतं. मशीनमधून पिशवी पडली की उचल, पूस, खोक्यात ठेव. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चप्पल चढत नव्हती. त्यांची पुढारी सुकवारो, धमतरीकडची. तिची छत्तीसगढी मी आपल्या मराठीत सांगून राहिलो, नाहीतं तुम्ही अर्ध्यातून उठून जाल. एक दिवस तिनं मॅनेजर मिश्राले सांगतलं, "साहेब, बसाले काही द्या नं. काम हात करतात, पाय कशाले उभे ठेवता?"

मिश्रा म्हणे, "बैठोगी तो नींद आएगी."

मी तिथंच होतो. म्हटलं, "साहेब, तुमचा अनुभव खरा आहे!"

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. बॉयलर लई शांततेत चालला.

*

पहिला ऑडिटर मुंबईचा. उंच माणूस, हातात जाडी फाईल. फाईलमधी लिहिलं होतं, आग लागली तं साऱ्यांनी जमाले मोकळी जागा पाहिजे. आमच्या गेटजवळ मोकळी जागा नव्हती, कडुनिंब होता. पॅकिंगच्या बायका दुपारचा डबा त्याच्याखालीच बसून खात. अख्ख्या कारखान्यात त्यांले टेकाची तेवढीच जागा. मिश्रानं दोन दिवसांत कडुनिंब साफ केला, जमिनीवर पिवळा पट्टा मारला अन् हिरवी पाटी ठोकली.

साहेब पाटी पाहून खुश! पिवळ्या पट्ट्याच्या मधी उभं राहून मले विचारते, "बाबा, न घाबरता सांगा. इथल्या तेलासाठी कुठं झाडं तोडली गेली का?"

"हाव साहेब, एक."

मिश्राचा चेहरा उतरला. साहेबांनी पेन काढला. "कुठं?"

म्हटलं, "तुम्ही त्याच्यावरच उभे आहात!"

साहेबांनी पायाखाली खुंट पाह्यला अन् हसले. पण लिहिलं नाही. ऑडिटर लोक ज्याच्यावर हसतात ते लिहीत नाहीत, हे मले त्या दिवशी समजलं.

*

माझा बॉयलर धानाच्या भुशावर चाले. ऑडिटरनं त्याले काही इंग्रजी नाव देलं, माझा हात दाबला अन् म्हणे, "तुम्ही पृथ्वी वाचवून राहिले!" मी म्हटलं, "साहेब, कोळसा महाग आहे म्हणून. उद्या स्वस्त होऊ द्या, मंग पाहा पृथ्वी!"

हे भी त्यानं लिहिलं नाही.

*

मंग पोस्टर आलं. एक लाल केसांचं मोठं माकड, डोळे असे उदास की आपल्याले जेवण जाऊ नये. समुद्रापलीकडं पामच्या बागांसाठी जंगल तोडतात, मंग ह्या बिचाऱ्याले राहाले झाड उरत नाही, असं ऑडिटरनं समजावलं. पोस्टर लावलं पॅकिंगच्या भिंतीवर, बायकांच्या डोळ्यासमोर.

सुकवारोनं ते लई वेळ पाह्यलं. मिश्राले म्हणे, "ह्याले बसाले झाड नाही म्हणून एवढा मोठा फोटो?"

"हां."

"आमाले भी बसाले काही नाही साहेब. आमचा फोटो कुठं लावता?"

मिश्रा म्हणे काम करा. दुसऱ्या दिवशी पोस्टर पॅकिंगमधून निघून त्याच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर लागलं.

*

बुटांचं सांगतो. तेलाच्या फरशीवर पाय घसरते, म्हणून गोल बाजारातून सेफ्टी बूट आले. पुढं लोखंडाची टोपी, एकेक बूट दोन किलोचा वाटे. बूट वाटले तेव्हा साऱ्यांनी कपाळाले लावून घेतले, अन् दुसऱ्या दिवशी सारे अनवाणी! टँकर खाली करणाऱ्या मनराखनले मी विचारलं, "काहून रे, बूट कुठं आहे?"

"कका, इतके चांगले बूट तेलात घालू का?"

ते त्यानं स्वतःच्या लग्नात घातले. आता मांडवात साळ्या नवरदेवाचे जोडे पळवतात, तुमाले माहीतच आहे. एका साळीनं बूट उचलला खरा, पण वजनाचा अंदाज नव्हता. सुटला तो तिच्याच अंगठ्यावर! पोरगी लंगडत वरातीले निरोप देऊन राहिली.

ऑडिटरनं नंतर विचारलं, "सेफ्टी शूजमुळे अपघातात काही फरक पडला?"

म्हटलं, "हाव साहेब. एक वाढला!"

*

एका साली ऑडिटरले आगीची तालीम पाहाची होती. भोंगा वाजवा, कामगार किती वेळात बाहेर येतात ते घड्याळ लावून पाहतो म्हणे. आमच्या इथं भोंगा एकाच कामाले वाजे, सुट्टीले. अकरा वाजता मिश्रानं भोंगा देला. लोकांनी मशीन बंद केल्या, डबे उचलले, सायकली काढल्या अन् निघाले!

साहेब घड्याळ पाहून उड्या मारून राहिले. "एवढ्या लवकर रिकामी झालेली फॅक्टरी मी कुठंच पाह्यली नाही! आता बोलवा परत, मोजून घेऊ."

मिश्रा गेटकडं पाहून राहिला. शेवटची सायकल वळणावर दिसेनाशी झाली होती.

मी म्हटलं, "साहेब, मोजणी उद्या सकाळी नऊले!"

सकाळी मिश्रा बायकांवर ओरडला. सुकवारो म्हणे, "तुम्हीच म्हटलं आग लागली समजा. मंग घरी जाऊन बसलो. इथं कुठं बसणार होतो?"

*

तक्रार पेटीचा किस्सा माझ्या मनातला आहे. लाल पेटी, पितळी कुलूप, किल्ली मिश्राच्या खिशात. ज्याले जे सांगाचं ते लिहून टाका, नाव लिहू नका. पण लिहिता कोणाले येते? बऱ्याच बायका माझ्यासारख्याच, नाहीतं माझ्याहून कमी. मंग सुकवारोनं उपाय काढला. खोक्यावर खुणा कराचं काळं मार्कर घेतलं अन् कागदावर स्टूल काढलं. दुसरीनं भी काढलं. तिसरीनं भी. कोणाचं तीन पायांचं, कोणाचं चार. एकीनं पाठ टेकाची खुर्ची काढली, तं बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, "लई मोठी हाव आहे ग तुझी!"

मिश्रानं पेटी वर्षभर उघडली नाही. उघडली ती ऑडिटरनं, त्याच्यासमोर. आतून स्टूलच स्टूल निघाले!

"ये क्या है मिश्राजी?"

माणूस हुशार होता, हे मी नाकारत नाही. डोळ्याची पापणी न हलवता म्हणे, "सर, महिला कामगारों की चित्रकला प्रतियोगिता. विषय, फर्निचर."

साहेबांले लई आवडलं. एकेक चित्र वर धरून पाह्यलं अन् विचारलं, "बक्षीस कधी देता?"

आता बक्षीस देणं आलं! विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मांडव टाकला, मालक आले, फोटोवाला आला. पहिलं बक्षीस सुकवारोले. स्टीलचा मोठा गंज, दहा माणसांचा भात शिजेल एवढा. मालकांनी देला, तिनं नमस्कार केला. मंग साऱ्यांच्या समोर तो गंज पालथा केला अन् त्याच्यावर बसली.

फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. मिश्रानं तो आजवर कोणाले पाहू देला नाही!

*

आता खुर्च्यांचा सांगतो अन् थांबतो.

त्या साली ऑडिटर बदलला. पुण्याच्या मॅडम येणार होत्या. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं, पॅकिंगमधी बसाची सोय आहे का ते आधी पाहीन, नसली तं कागद नाही. फोन आला आज अन् मॅडम येणार उद्या! मिश्रा धावत तेलीबांध्याच्या टेंट हाउसमधी गेला अन् लग्नाच्या खुर्च्या भाड्यानं घेऊन आला. पांढऱ्या प्लास्टिकच्या, पाठीवर लाल साटीनची गाठ. आम्ही बसून साऱ्या गाठी सोडल्या.

बायकांले त्यानं तंबी देली, "पूछे तो बोलना, हमेशा से हैं." मले बाजूले घेतलं. "बावणेजी, मॅडम मराठी हैं. आप अपनी भाषा में संभाल लेना. सर्टिफिकेट गया तो इन्हीं औरतों का काम जाएगा."

हा माणूस वर्षातून एकदा खरं बोले, अन् ते नेमकं तेव्हा बोलला.

मॅडम सकाळी दहाले येणार होत्या. विमान उशिरा सुटलं, त्या आल्या संध्याकाळी पाचले. तोवर बायका बसून काम करून राहिल्या होत्या. खोके रोजच्याहून जास्तच भरले. दुपारी मी सुकवारोले विचारलं, "कसं वाटते?"

म्हणे, "कका, आपल्याले पाय आहेत हे आज ध्यानातच नाही राहिलं."

मॅडमनं पॅकिंग फिरून पाह्यलं, मान हलवली. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मराठी!" घरदार विचारलं. मंग हळूच, "काका, खरं सांगा. ह्या खुर्च्या रोज असतात?"

मिश्रा माझ्याकडं पाहून राहिला. बायका माझ्याकडं पाहून राहिल्या. ज्या तोंडानं आयुष्यभर कोणाचं ऐकलं नाही, ते बंद! खरं बोललो तं कागद जाते. खोटं बोललो तं उद्या खुर्च्या जातात.

तेवढ्यात बाहेर पिकअप थांबली अन् टेंटवाला सरळ आत आला. "चलो दीदी लोग, खाली करो! सात बजे बारात लगेगी!"

मिश्रा मधी पडला. "मॅडम, ये चेअर सर्विसिंगवाला है."

"काहे की सर्विसिंग?" टेंटवाला भडकला. "शादी की कुर्सी है साहब! शंकर नगर पहुँचाना है!"

मशीन चालूच होती, पिशव्या पडून राहिल्या होत्या. साऱ्या बायकांनी सुकवारोकडं पाह्यलं. ती उठली नाही. पिशवी उचलली, पुसली, खोक्यात ठेवली, अन् वर न पाहता म्हणे, "भैया, तुझे वराती बसून जेवतात का?"

"नहीं दीदी, बफे है."

"मंग राहू दे नं त्यांले उभं. एका संध्याकाळची तं गोष्ट आहे. आम्ही बारा महिने राहिलो."

मॅडमले छत्तीसगढी समजली नाही. "काय म्हणाल्या त्या?"

मिश्रा सुरू झाला, "मॅडम, वो कह रही है..."

"तुम्ही नको. काका सांगतील."

मी सांगतलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. मॅडमनं फाईल उघडली अन् उभ्याउभ्याच लिहाले लागल्या. लई वेळ लिहिलं. इंग्रजीत होतं, मले काही समजलं नाही. मिश्रा वाचून राहिला होता अन् त्याचा घाम गळून राहिला होता.

टेंटवाला कंबरेवर हात ठेवून उभा. "अरे, बाराती तो खडे रहेंगे. लेकिन दूल्हा? दूल्हे को तो बिठाना पड़ेगा ना!"

ह्याच्यावर सुकवारोनं थोडा विचार केला. मंग उठली. खुर्चीले तेलाचा हात लागला होता, तो पदरानं पुसला. बाजूच्या बाईले उठवलं, तिची भी पुसली. दोन्ही खुर्च्या एकात एक घालून त्याच्यासमोर सरकवल्या.

"दोन ने," म्हणे. "नवरी भी सकाळपासून उभीच असंल."

टेंटवाला दोन घेऊन गेला. बाकीच्यांचे पैसे मिश्रानं भरले, तेव्हा कुठं मॅडमनं कागद देला. बाकीच्या आजही पॅकिंगमधी आहेत.