अनुसयाबाईची टाच

अनुसयाबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेली. आमच्या गोरेगावकडे अशा माणसाच्या पायाला मान. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला पालथं झोपवायचं आणि पायाळूनं कमरेवर टाच टेकवायची. तलावाची पाळ बांधायच्या दिवसांत माती वाहणारे तिच्या अंगणात रांगेनं पालथे पडायचे. एकदा तिची सासूही पडली. गाव हसलं, "सासूले लाथ मारून पुण्य घेनारी हे एकच सून!"

मग तिचा धाकटा भाऊ केवलराम आला. कमरेत, मणक्याच्या बाजूला सूज. लाल नाही, गरम नाही, फारशी दुखतही नाही. माती वाहतो, म्हणजे उसणच, असं सगळ्यांनी ठरवलं.

"जोरानं दे न बाई, फूल कायले ठेवून राहिली?" तो म्हणाला.

तिनं जोर दिला. टाचेखाली ती सूज पाण्याच्या पिशवीसारखी दबली आणि सरकली.

धान कापणीला आलं तोवर केवलरामचे पाय लुळे पडले. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. टाचेनं गेला की आतल्या आजारानं, हे सांगणारं कुणी नव्हतं. अनुसयाबाईनं पुन्हा कुणाला पाय लावला नाही. चिखलात धानाची रोपं लावायला, रोवणीला जाणंही सोडलं. चिखल टाचेखाली दबतो, सरकतो. भर उन्हाळ्यात ती पाय गोधडीत गुंडाळून झोपते.

यंदा माझ्या लेकीला, चंद्रकांताला, न्हाऊ घालताना तिच्या कमरेवर तशीच सूज हाताला लागली. पोर सात वर्षांची. माझ्या सासूबाईंनी अनुसयाबाईला बोलावलं. तिनं सुजेवर हाताचा तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि पाय लुगड्याखाली ओढून बसली.

"मी पाय नाही लावत."

"भाव खाऊन राहिली का वो? पोरगी लंगडून राहिली, दिसत नाही?" सासूबाई कडाडल्या.

"दिसते म्हनूनच. चोळू नोका, दाबू नोका. कोनालेच पाय लावू देऊ नोका."

सासूबाई दुसऱ्या गावचा पायाळू शोधू लागल्या. मी पोरीला घेऊन गोंदियाहून नागपूरची गाडी धरली.

डॉक्टर म्हणाले, "मार, गळू, मूत्रपिंडाचा विकार, मणक्याचा क्षय; वरून सूज सारखीच दिसू शकते." फोटोत क्षय निघाला. सूज म्हणजे आत साठलेला पू. प्लॅस्टरमध्ये निजवून ठेवायचं. पाय राहतील का, सांगता येत नाही.

टाच लागली नसती तर केवलराम वाचला असता का, तेही मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. हे विचारल्याचं अनुसयाबाईला मी सांगितलेलं नाही.

पोरीला घरी आणल्यापासून ती रोज संध्याकाळी येते, उंबऱ्याबाहेर बसते आणि एवढंच विचारते, "पाय हालवते का?"

आज ती पहिल्यांदा आत आली. खाटेशी टेकली आणि पोरीची टाच हातात घेतली. चंद्रकांता "गुदगुल्या!" म्हणून किंचाळली, पाय मागे ओढला. अनुसयाबाईनं टाच सोडली नाही.

"वढ, माय," ती म्हणाली. "आखीन वढ."