अल्बियनच्या चारशे खुर्च्या

आमची नाटकवाली टोळी जमली की पहिला चहा तब्येती आणि मुलांच्या नोकऱ्या यांत संपतो. दुसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतंच, "अल्बियनमध्ये त्या वर्षी..." आणि मग कुणी कुणाला बोलू देत नाही!

अल्बियन म्हणजे इथे विलायतेत आमच्या हाय स्ट्रीटवरचं, म्हणजे बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावरचं, जुनं थिएटर. आधी तिथे गाणी-नकला-कसरतींचे व्हरायटी शो व्हायचे, मग सिनेमा आला, मग बिंगो, म्हणजे आपली हौजी. दोन हजार सालानंतरची शेवटची काही वर्षं, वर्षातून एका रविवारी प्रयोगाला आणि त्याआधीचे काही रविवार तालमीला, आम्ही. स्टॅनमोरपासून मेडनहेडपर्यंतची हौशी मराठी मंडळी! आता तिथे फ्लॅट्स आहेत, खाली जिम. मी त्या रस्त्याने शक्यतो जातच नाही.

मी प्रॉम्प्टर. सगळ्यांची फजिती सगळ्यात जवळून मीच बघितलीय, तेव्हा बाकीच्यांचं ऐकू नका.

*

पहिल्या वर्षी नटराजाच्या फोटोला हार घालून बापटकाकांनी नारळ सरळ स्टेजवरच हाणला. काका आमचे दिग्दर्शक. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा की माईकची गरज नाही. नारळाचा तो धाडकन आवाज ऐकून रॉन धावत आला.

रॉन तिथला केअरटेकर. त्याचे वडील अल्बियनचे डोअरमन होते आणि हा सोळाव्या वर्षी कामाला लागला, तो तिथेच म्हातारा झाला. फळ्यांवर सांडलेल्या पाण्याकडे बघत तो म्हणाला, "मिस्टर बापट, माझ्या वडिलांच्या काळात या स्टेजवर हत्ती येऊन गेलाय. तोसुद्धा जपून चालला होता!"

काका इतके ओशाळले की दिवसभर दिसेल त्या गोष्टीसाठी रॉनला सॉरी म्हणत होते. पुढच्या वर्षी गेलो तर विंगेत टॉवेलवर एक स्वच्छ धुतलेली वीट. वर चिठ्ठी, "फक्त नारळासाठी."

*

मेकअपच्या खोलीत जिथे रंग उडाला होता, तिथे व्हरायटीच्या कलाकारांनी पेन्सिलीने लिहिलेलं दिसायचं. कोण कुठून आलं, कुठल्या घरमालकिणीचं जेवण वाईट. एकाने लिहिलं होतं, "सोमवारी इथे कुणी हसत नाही. मनाला लावून घेऊ नका."

अनिलने ते मोठ्याने वाचलं. अनिल आमचा हीरो, एरवी डेंटिस्ट. काका मिशी चिकटवत म्हणाले, "अन्या, खाली लिही, आमचे रविवारीसुद्धा हसत नाहीत!"

आणि त्या शहाण्याने खरंच लिहिलं! रॉनने बघितलं, अर्थ विचारला आणि निघून गेला. मला वाटलं, आता हॉल गेला हातचा. दुसऱ्या वर्षी बघते तर सगळी खोली नवी रंगवलेली. तेवढा भिंतीचा तुकडा सोडून.

*

बिंगो बंद झालं तरी डोरीन नावाच्या बाई रविवारी दुपारी सवयीने यायच्या. थर्मास घेऊन मागच्या रांगेत बसायच्या आणि आमची तालीम बघायच्या. मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

एकदा अनिल बायकोवर जोरात ओरडला. नाटकातल्या! मागून आवाज आला, "अरे, तिने अजून काही केलंच नाहीये, तू आधीच कशाला ओरडतोस?"

मी स्क्रिप्ट बघितलं. बाई बरोबर होत्या. अनिलने अख्खं पान गाळलं होतं, आणि मी, जिचं कामच ते, ती मजेत पुढचं पान उघडून बसले होते! त्या दिवसापासून काका तालीम संपली की आधी डोरीनबाईंना विचारायचे, मग मला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू?

*

रॉन पुष्कळ वर्षं तिथे प्रोजेक्टर चालवायचा. एकदा चहा पिताना मी सहज विचारलं, सिनेमाचा शेवटचा खेळ कसा झाला?

"अकरा माणसं होती," तो म्हणाला. "एकजण झोपलेला."

मग कप धुतला, पुसला, जागेवर ठेवला. "हे थिएटर भरायचं. लोक मागे उभे राहायचे. आणि मी ते अकरा माणसांवर बंद केलं. त्याचं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही."

मी आपली बिस्किटं पुढे केली.

*

मग थिएटरच्या मालकांचं रॉनला पत्र आलं. थिएटर पाडायचं नक्की झालं होतं, त्या वर्षीचा आमचा प्रयोग शेवटचा. रॉनने पत्र काकांना दाखवलं आणि काका भडकले. रॉनवर नाही, जगावर. "शेवटचा खेळ हाऊसफुल्ल करून दाखवतो, शब्द आहे माझा!" म्हणाले. मराठीत म्हणाले, मग भानावर येऊन इंग्रजीत.

"काका," मी म्हटलं, "बाल्कनी बंद असली तरी खाली चारशे खुर्च्या आहेत. आपलं पब्लिक दीडशे!"

"मग उरलेलं आण!"

आणलं. अनिलने पेशंट आणले, दाढ काढलेलेसुद्धा. मी माझ्या कामावरच्या, डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सेस आणल्या. डोरीनबाईंनी बिंगोच्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून गोळा केलं. मूळच्या मुंबईच्या एक ज्यू आजी सगळी नातवंडं घेऊन आल्या, आणि त्यांचं मराठी आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ!

तीनला दहा मिनिटं कमी असताना मी पडद्याच्या फटीतून बघितलं. "काका, भरलं. सातव्या रांगेत एकच खुर्ची रिकामी आहे."

काका विंगेत गेले. पडद्याची दोरी हातात धरून रॉन उभा होता.

"रॉन, जा, बस."

"मी इथे कधी बसलेलो नाही, मिस्टर बापट. मी उभा असतो."

"इथून हाऊसफुल्ल दिसत नाही. जा."

रॉनने हात पँटला पुसले. बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला. सातव्या रांगेतल्या लोकांनी गुडघे वळवून त्याला वाट दिली आणि तो बसला.

तिसरी घंटा झाली. हॉल चिडीचूप. पडदा हलेना, हलणार कसा? ती दोरी ओढायचं कसब फक्त रॉनकडे.

"काका, पडदा!" अनिल कुजबुजला.

काका मिशी लावून, हाताची घडी घालून उभे होते. "थांब रे जरा," म्हणाले. "बसू दे त्याला."

मी परत फटीतून बघितलं. रॉन खुर्चीत वळून मागची एकेक रांग बघत होता, आणि अजून बऱ्याच रांगा बाकी होत्या.